अ‍ॅटनबरो : एका विरळ इंग्रजी आडनावाची कुळकथा आणि शिरगणती

भारतीय वाचकांना ‘अ‍ॅटनबरो’ हे आडनाव मुळीच अपरिचित नाही. १९८२ साली प्रदर्शित झालेल्या ‘गांधी’ या चित्रपटाचे दिग्दर्शक सर रिचर्ड अ‍ॅटनबरो यांना येथील प्रेक्षक ओळखतो. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’मध्ये (१९७७) जनरल औट्रमची भूमिका करणारे नटही तेच. त्यांचे धाकटे बंधू सर डेव्हिड अ‍ॅटनबरो यांच्या निसर्गविषयक मालिकांनी तर दूरचित्रवाणीच्या कित्येक पिढ्यांना प्राणिसृष्टीचे दर्शन घडविले. ‘गांधी’चा महाराष्ट्राशी असलेला संबंधही सर्वज्ञात आहे. रोहिणी हट्टंगडी यांनी त्यात कस्तुरबांची, तर डॉ. श्रीराम लागू यांनी गोपाळ कृष्ण गोखले यांची भूमिका केली. वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैय्या यांना जॉन मोलो यांच्यासमवेत ऑस्कर पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार पटकावणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या.

एवढ्या प्रसिद्धीमुळे हे आडनाव इंग्लंडमध्ये घरोघरी आढळत असावे, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ‘स्मिथ’ आडनावाची माणसे ब्रिटनमध्ये पाच लाखांहून अधिक आहेत. अ‍ॅटनबरो मात्र हजार-दीड हजाराच्या आतबाहेरच मोजावे लागतात. इंग्रजी आडनावांच्या अभ्यासात अशा विरळ नावांना वेगळे महत्त्व आहे. मोठ्या नावांतून जे कळत नाही, ते विरळ नावे सांगतात : माणसे कोठून निघाली, किती दूर गेली आणि कोणाचा वंश टिकला. ‘अ‍ॅटनबरो’ हे या अभ्यासातील एक आदर्श उदाहरण ठरले आहे. त्याची उत्पत्ती, त्याची मोजदाद आणि त्या मोजदादीतून निघणारे निष्कर्ष यांचा हा आढावा.

नावामागचे गाव

इंग्लंडच्या मध्यभागातील नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येस, ट्रेंट नदीच्या काठी अ‍ॅटनबरो नावाचे एक लहानसे गाव आहे. स्थलनामांच्या अभ्यासकांनी या नावाची फोड तीन भागांत केली आहे. ‘अ‍ॅडा’ किंवा तत्सम एक अँग्लो-सॅक्सन व्यक्तिनाम, संबंध दाखवणारा ‘इंग’ हा प्रत्यय आणि ‘बुर्ह’ म्हणजे तटबंदी असलेली जागा. म्हणजेच ‘अ‍ॅडाची गढी’. हाच ‘बुर्ह’ स्कारबरो, पीटरबरो, कँटरबरी, एडिंबरा अशा अनेक नावांच्या शेवटी निरनिराळ्या रूपांत वावरतो. हा अ‍ॅडा कोण होता, याबद्दल इतिहास मौन पाळून आहे. त्याची गढी गेली आणि नाव तेवढे राहिले.

विजेता विल्यम याने १०८६ साली करविलेल्या ‘डूम्सडे’ या महसुली पाहणीत अ‍ॅटनबरो गावाची स्वतंत्र नोंद नाही. त्याऐवजी शेजारच्या चिलवेल आणि टोटन या दोन गावांच्या नावांवर प्रत्येकी ‘अर्धे चर्च’ दाखविलेले आढळते. ही दोन अर्धी मिळून होणारे पूर्ण चर्च म्हणजे अ‍ॅटनबरोचेच, असा त्याचा उलगडा केला जातो. पुढे याच गावात १६११ साली हेन्री आयर्टन याचा जन्म झाला. ऑलिव्हर क्रॉमवेलचा हा जावई. पहिल्या चार्ल्स राजाच्या मृत्युदंडाच्या आज्ञेवर सही करणाऱ्यांत तो होता. विसाव्या शतकात गावालगत वाळू आणि खडीच्या खाणी खोदल्या गेल्या. पुढे त्या पाण्याने भरल्या आणि तेथे पाणपक्ष्यांचे अभयारण्य झाले. १९६६ साली त्याचे उद्घाटन करण्यासाठी डेव्हिड अ‍ॅटनबरो यांनाच पाचारण करण्यात आले होते.

या आडनावाची आणखी एक व्युत्पत्ती सहज सुचण्यासारखी आहे. मध्ययुगीन इंग्रजीत ‘अ‍ॅटन’ हा ‘त्या ठिकाणी’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग होता. अ‍ॅश वृक्षापाशी राहणारा तो ‘अ‍ॅटन अ‍ॅश’ आणि त्यातून ‘नॅश’ हे आडनाव झाले. ओक वृक्षापाशी राहणाऱ्यांचे ‘नोक्स’ झाले. त्याच न्यायाने ‘गढीपाशी राहणारा’ तो अ‍ॅटनबरो, असे म्हणता येईल. ही व्युत्पत्ती मानली, तर असे आडनाव जेथे जेथे गढी होती तेथे तेथे, म्हणजे देशभर विखुरलेले सापडायला हवे. जुन्या नोंदींत मात्र ही मंडळी नॉटिंगहॅमशायर आणि त्याला लागून असलेल्या डर्बिशायर या दोन परगण्यांतच दाटलेली दिसतात. आडनावाच्या उत्पत्तीचा वाद पुष्कळदा असा नकाशाच मिटवतो. शब्दकोशात दोन अर्थ शक्य असतील, तेव्हा माणसे कोठे राहत होती हे पाहावे लागते.

गाव सोडले की गावाचे नाव

इंग्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावांची प्रथा १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर रुजली. प्रथम जमीनदार सरदारांनी आपापल्या जहागिरीची नावे लावली, मग शहरवासीयांनी आणि हळूहळू शेतकऱ्यांनीही. दक्षिण आणि मध्य इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक कुटुंबांना स्थिर आडनाव मिळाले होते. उत्तरेकडे त्यास आणखी शंभर वर्षे लागली. यामागे सरकारी गरजही होती. जमिनीचे हक्क, न्यायालयातील दावे, १३७७ ते १३८१ या काळात बसविलेला डोईपट्टीचा कर या साऱ्यांसाठी एका जॉनला दुसऱ्या जॉनपासून वेगळे ओळखणे भाग होते.

अशी आडनावे ढोबळमानाने चार प्रकारची आहेत. व्यवसायावरून आलेली (स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी), पित्याच्या नावावरून आलेली (जॉन्सन, विल्सन), टोपणनावांवरून आलेली (ब्राउन, शॉर्ट) आणि स्थळावरून आलेली. लोहार प्रत्येक गावात होता, जॉन नावाचा बाप तर प्रत्येक गल्लीत. म्हणून पहिल्या दोन प्रकारची नावे शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मली आणि अफाट वाढली. एखाद्या विशिष्ट लहान गावावरून पडलेले नाव मात्र एकदाच किंवा मोजक्या वेळाच जन्मास येते.

त्यातही एक गंमत आहे. गावात राहणाऱ्याला गावाचे नाव लावून उपयोग नसतो, कारण तेथे सारेच त्या गावचे. गाव सोडून दुसरीकडे गेलेल्या माणसालाच शेजारी ‘तो अमक्या गावचा’ म्हणून ओळखतात. आपल्याकडील ‘कर’ प्रत्यय लागणाऱ्या आडनावांचा न्याय येथेही लागू पडतो. चिपळूणकर हे नाव चिपळुणाबाहेर गेल्यावरच अर्थपूर्ण होते. म्हणून स्थळवाचक आडनाव हे मुळात स्थलांतराचे पहिले प्रमाणपत्र होय. पहिला अ‍ॅटनबरो हा बहुधा तो, ज्याने अ‍ॅटनबरो सोडले.

हे स्थलांतर सहसा फार दूरचे नसे. मध्ययुगीन इंग्रज शेतकरी बहुधा एक-दोन दिवसांच्या पायी अंतरातच वस्ती बदलत असे. सर रिचर्ड आणि सर डेव्हिड यांचे वडील फ्रेडरिक लीव्हाय अ‍ॅटनबरो यांचा जन्म १८८७ साली स्टेपलफर्ड येथे झाला. हे ठिकाण अ‍ॅटनबरो गावापासून अवघ्या काही किलोमीटरवर आहे. मधल्या पाच-सहाशे वर्षांत प्लेग, यादवी युद्ध आणि औद्योगिक क्रांती होऊन गेली, तरी आडनाव आपल्या उगमापासून हाकेच्या अंतरावरच नांदत होते.

अर्थात सारेच तेथे राहिले नाहीत. एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये अ‍ॅटनबरो नावाची गहाणवटीची दुकाने इतकी प्रसिद्ध होती की, घड्याळ गहाण टाकायचे म्हणजे अ‍ॅटनबरोकडे जायचे, असे त्या शहरात समजले जाई. एका विरळ आडनावाला महानगरात मिळालेली ही पहिली कीर्ती होय.

मोजायचे कसे?

आडनावांची शिरगणती वाटते तितकी सोपी नाही. इंग्लंडमध्ये चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी १५३८ पासून ठेवल्या जाऊ लागल्या. पहिली राष्ट्रीय जनगणना १८०१ ची. पण तिच्यात केवळ आकडे होते. व्यक्तींची नावे पद्धतशीरपणे जतन झाली ती १८४१ पासून. जन्म-मृत्यूंची मुलकी नोंदणी १८३७ मध्ये सुरू झाली. अभ्यासकांचा विशेष आधार म्हणजे १८८१ ची जनगणना. तिच्या सर्व नोंदी असंख्य स्वयंसेवकांनी संगणकावर उतरविल्या आणि ब्रिटनच्या आडनावांचे पहिले संपूर्ण नकाशे त्यांतून तयार झाले. रेल्वे आली होती, तरी मोटारगाडी यायची होती. नावे आपल्या मूळ प्रदेशातून पुरती पांगण्यापूर्वीचे हे चित्र आहे.

त्यानंतरच्या काळात साधने विरळ होतात. इंग्लंड-वेल्समधील जनगणनेचे वैयक्तिक तपशील शंभर वर्षे गोपनीय राहतात. १९२१ ची नोंद २०२२ साली खुली झाली. १९३१ ची कागदपत्रे १९४२ मधील आगीत भस्मसात झाली, तर महायुद्धामुळे १९४१ ची जनगणना झालीच नाही. म्हणजे यापुढची जनगणना, १९५१ ची, अभ्यासकांच्या हाती पडायला २०५२ साल उजाडावे लागेल. मधली पोकळी मतदारयाद्या, १९३९ ची युद्धकालीन नोंदवही आणि सरकारी आरोग्यसेवेच्या याद्या यांवरून भरून काढावी लागते.

या याद्याही जपून वाचाव्या लागतात. इंग्लंड-वेल्समधील रहिवाशांच्या आरोग्यसेवेच्या नोंदींवरून तयार झालेल्या यादीत अडीच लाखांहून अधिक निरनिराळी आडनावे निघाली. याचा अर्थ तेवढी इंग्रजी घराणी आहेत, असा नव्हे. जगभरातून आलेल्या स्थलांतरितांची नावे त्यात आहेत आणि कारकुनांनी केलेल्या अक्षरांच्या चुकाही आहेत. एखादे अक्षर चुकले की यादीत एका ‘विरळ’ नावाची भर पडते! वेस्ट ऑफ इंग्लंड विद्यापीठातील प्रकल्पातून सिद्ध झालेल्या आणि २०१६ साली ऑक्सफर्डने चार खंडांत प्रसिद्ध केलेल्या ब्रिटन-आयर्लंडच्या आडनावकोशाने म्हणूनच शंभर माणसांची मर्यादा घातली. २०११ च्या गणनेनुसार शंभराहून अधिक माणसे लावत असलेली नावेच प्रामुख्याने त्यात घेतली. तरीही ही संख्या ४५ हजारांवर गेली.

वर्णलेखनाचाही प्रश्न असतो. अ‍ॅटनबरो, अ‍ॅटनबरोज, अ‍ॅटनबर्रो, अ‍ॅटनब्रो अशी एकाच नावाची रूपे इंग्रजीत वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिली जातात. जोवर बहुसंख्य लोक निरक्षर होते, तोवर आडनावाचे लेखन ही धर्मोपदेशकाच्या किंवा कारकुनाच्या कानाची आणि मर्जीची बाब होती. सख्ख्या भावांची नावेही दोन तऱ्हांनी लिहिली जात. म्हणून रूपभेद एकत्र मोजायचे की वेगवेगळे, हे आधी ठरविल्याखेरीज कोणताही आकडा निरर्थक ठरतो.

आकडा हाती आला तरी त्याची तुलना कशाशी करायची, हा प्रश्न उरतो. इंग्लंड-वेल्सची लोकसंख्या १८०१ साली सुमारे ८९ लाख होती. १८८१ साली ती २ कोटी ६० लाख झाली आणि २०२१ साली ५ कोटी ९६ लाख. म्हणजे १८८१ पासून ती सुमारे सव्वादोन पट वाढली. एखाद्या नावाची माणसे या काळात दुप्पट झाली असतील, तरी ते नाव प्रत्यक्षात किंचित मागे पडले, असेच म्हटले पाहिजे. परदेशी गेलेल्यांचा हिशेब यात नसतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे गेलेल्या शाखांमुळे कित्येक इंग्रजी नावे मायदेशापेक्षा परदेशातच अधिक फोफावली आहेत.

नावे विरतात कशी?

विरळ आडनावे विरळ का राहतात, हा प्रश्न गणितज्ञांनाही पडला. व्हिक्टोरियन काळातील शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन याला नामांकित घराणी नामशेष होताना दिसत होती. ती घराणी निकृष्ट झाली म्हणून की निव्वळ योगायोगाने, असा प्रश्न त्याने १८७३ साली जाहीरपणे विचारला. हेन्री विल्यम वॉट्सन या गणिती धर्मोपदेशकाच्या साह्याने त्याचे उत्तर १८७४ मध्ये मांडण्यात आले. वॉट्सनच्या पद्धतीने दिशा अचूक दाखविली. मात्र सर्वच घराणी अखेर नष्ट होणार, हा त्याचा निष्कर्ष पुढे दुरुस्त करावा लागला. ही दुरुस्ती करणाऱ्यांत जे. बी. एस. हॉल्डेन हे एक होते. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले.

हे गणित साध्या उदाहरणाने समजून घेता येते. समजा, शंभर पुरुषांनी शंभर निरनिराळी आडनावे धारण केली. प्रत्येकास सरासरी एक मुलगा होतो. पण कोणाला एकही नाही, कोणाला दोन, कोणाला तीन, असे हे वाटप केवळ योगायोगाने घडते. अशा स्थितीत पहिल्याच पिढीत सुमारे ३७ आडनावे संपतात. पाच पिढ्यांत ७३ आणि दहा पिढ्यांत ८४ संपतात. सातशे वर्षांच्या सुमारे तेवीस पिढ्या धरल्या, तर शंभरांपैकी जेमतेम आठ उरतात. कोणताही प्लेग, युद्ध किंवा दुष्काळ गृहीत न धरता हे होते!

सरासरी एकाहून अधिक असेल, म्हणजे लोकसंख्या वाढती असेल, तर चित्र सुधारते. पण फार नव्हे. दर पिढीत पुरुषसंख्या वीस टक्क्यांनी वाढली, तरी एकाच पुरुषापासून सुरू झालेले आडनाव अखेर नष्ट होण्याची शक्यता ६९ टक्के राहते. तेच आडनाव चार पुरुषांपासून सुरू झाले, तर ती शक्यता २२ टक्क्यांवर येते. पहिल्या काही पिढ्या निभावल्या की नाव तरते. धोका असतो तो आरंभीच.

इंग्लंडच्या आडनावांचा आरंभकाळ मात्र अत्यंत वाईट होता. नावे नुकतीच स्थिरावत असताना १३४८-४९ मध्ये ‘काळ्या मृत्यू’ची साथ आली आणि तिने तेथील एक तृतीयांश ते निम्मी माणसे गिळंकृत केली. त्या वेळी एकाच कुटुंबात असलेली असंख्य स्थळवाचक नावे कोणाच्याही स्मरणात न राहता संपली असणार. अ‍ॅटनबरो टिकले. गॉल्टनच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे : टिकणे हा घराण्याच्या गुणवत्तेचा पुरावा नव्हे आणि नष्ट होणे हा दोषाचा नव्हे.

रक्ताची साक्ष

एका विरळ आडनावाची सर्व माणसे खरोखर एकाच पूर्वजाची संतती आहेत काय, हे कागदपत्रांवरून ठरविणे बहुधा अशक्य असते. विसाव्या शतकाच्या अखेरीस याला जनुकशास्त्राने वाट करून दिली. इंग्लंडमध्ये आडनाव बापाकडून मुलाकडे जाते. पुरुषातील ‘वाय’ गुणसूत्रही बापाकडूनच मुलाकडे, जवळजवळ जसेच्या तसे जाते. म्हणजे एक खूण कागदावरची आणि एक शरीरातली, दोन्हींचा मार्ग एकच. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी २००० साली स्वतःच्याच आडनावाच्या पुरुषांची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी ४३.८ टक्क्यांमध्ये एकच गुणसूत्र-प्रकार आढळला.

यानंतरचे मोठे काम लेस्टर विद्यापीठात झाले. याच विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली डीएनएवरून व्यक्ती ओळखण्याचे तंत्र शोधले होते. तेथील टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांची तपासणी करून २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आडनाव जितके विरळ, तितकी ते लावणाऱ्यांत समान पूर्वज असण्याची शक्यता अधिक, असे त्यांना आढळले. सरासरीने ६२ टक्के पुरुष अशा समान वंशाच्या गटांत मोडत होते. परंतु निरनिराळ्या नावांत हे प्रमाण शून्यापासून ८७ टक्क्यांपर्यंत होते. स्मिथ आडनावाच्या दोघांत नाते असण्याची शक्यता रस्त्यावरील कोणत्याही दोघांइतकीच निघाली.

दुसऱ्या टोकाला होते अ‍ॅटनबरो. त्या आडनावाच्या दर दहांपैकी जवळजवळ नऊ पुरुषांत एकाच प्रकारचे ‘वाय’ गुणसूत्र आढळले. वर्णलेखन निराळे असलेलेही त्याच गटात निघाले. कारकुनाने अक्षरे बदलली, वंश तोच राहिला. हे सारे अ‍ॅटनबरो एका विस्तीर्ण कुटुंबाचे दूरचे सदस्य आहेत, असे म्हणण्यास त्यामुळे आधार मिळाला.

याचा व्यावहारिक उपयोगही आहे. गुन्ह्याच्या ठिकाणी सापडलेल्या नमुन्यावरून संशयिताच्या आडनावाचा अंदाज बांधता येईल, ही शक्यता याच संशोधकांच्या गटाने २००६ मध्ये मांडली होती. आडनाव विरळ असेल तेवढा हा अंदाज नेमका. म्हणजे ज्याच्या नावाची माणसे थोडी, त्याची गोपनीयताही थोडी. विरळ नाव अभिमानाने मिरविणाऱ्याने ही बाजूही ध्यानात ठेवावी अशी आहे.

आडनाव काय सांगत नाही

येथे एक मोह टाळला पाहिजे. दहांपैकी नऊ पुरुषांचा पूर्वज एक आहे, यावरून ‘मध्ययुगात एकच मूळपुरुष अ‍ॅटनबरो झाला’ असे सिद्ध होत नाही. किंग आणि जॉबलिंग यांनी स्वतःच हा इशारा दिला आहे. गॉल्टनचे गणित आठवले की कारण कळते. आरंभी हे नाव लावणारे पाच-सहा असंबंधित पुरुष असू शकतील. त्यांपैकी एकाचाच वंश टिकला आणि बाकीचे शतकानुशतकांच्या ओघात लुप्त झाले, तरी आज नेमके हेच चित्र दिसेल. आजचे आकडे तरलेल्यांची साक्ष देतात, बुडालेल्यांची नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या मूळ पुरुषांविषयी आजच्या नमुन्यांवरून फारसे खात्रीने बोलता येत नाही, हाच त्या संशोधनाचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष होय.

शिवाय नाव आणि रक्त यांची वाट मध्येच दुभंगते. दत्तकविधान, विवाहबाह्य संतती, आईचे आडनाव लावणे, वारसा मिळावा म्हणून नाव बदलणे ही त्याची कारणे. २०१२ मध्ये लेस्टरमध्येच तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा सापडला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत मातृवंशाचे नाते जुळले, पण पितृवंशाने नातलग मानल्या गेलेल्या हयात पुरुषांशी ‘वाय’ गुणसूत्र जुळले नाही. राजघराण्याच्या वंशावळीची ही कथा, तर सामान्यांची काय?

यॉर्कशायरमधील आणखी एका विरळ आडनावाचे उदाहरण तर विलक्षण आहे. ते लावणाऱ्या १८ पुरुषांपैकी ७ जणांत पश्चिम आफ्रिकेशी निगडित असा, ब्रिटनमध्ये अत्यंत दुर्मिळ गुणसूत्र-प्रकार २००७ साली आढळला. कागदपत्रांवरून त्यांच्या शाखा अठराव्या शतकातील यॉर्कशायरपर्यंत मागे नेता आल्या. म्हणजे त्यांचा आफ्रिकी पूर्वज त्याहूनही आधीचा. पिढ्यान्‌पिढ्या अस्सल इंग्रज म्हणून वावरलेल्या घराण्यांच्या रक्तात आफ्रिका होती आणि आडनावाने तिचा थांग लागू दिला नव्हता.

आणि या साऱ्या हिशेबात अर्धी माणसे कोठेच नाहीत. ‘वाय’ गुणसूत्र पुरुषांतच असते. इंग्लंडमधील रूढीनुसार विवाहानंतर स्त्री पतीचे नाव घेते. म्हणून अ‍ॅटनबरो नाव लावणाऱ्या हजारभर माणसांत विवाहाने आलेल्या स्त्रिया आहेत आणि जन्माने अ‍ॅटनबरो असलेल्या कित्येक लेकी दुसऱ्याच नावांखाली मोजल्या जात आहेत. आडनाव नामशेष झाले म्हणजे घराणे संपले, असे नव्हे. पुष्कळदा ते केवळ मुलींकडून पुढे गेलेले असते.

नाव आणि कुटुंब

स्टेपलफर्डला जन्मलेल्या फ्रेडरिक अ‍ॅटनबरो यांची कथा या संदर्भात पुरेशी बोलकी आहे. ते अँग्लो-सॅक्सन काळाचे अभ्यासक होते. आरंभीच्या इंग्रज राजांच्या कायद्यांचे त्यांनी केलेले संपादन आणि भाषांतर १९२२ साली प्रसिद्ध झाले. ज्या भाषेने आपल्या गावाला आणि आपल्याला नाव दिले, तीच भाषा त्यांनी अभ्यासाचा विषय केली. १९३२ ते १९५१ या काळात ते लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य होते. हेच कॉलेज पुढे लेस्टर विद्यापीठ झाले. त्यांच्या नावाची अठरा मजली इमारत आजही तेथे उभी आहे. त्यांच्या आडनावाचा जनुकीय हिशेबही याच विद्यापीठात मांडला गेला.

त्यांना रिचर्ड, डेव्हिड आणि जॉन असे तीन पुत्र. परंतु महायुद्धाच्या काळात या घरात पाच मुले वाढत होती. जर्मनीतून जीव वाचवून आलेल्या दोन ज्यू बहिणींना फ्रेडरिक आणि त्यांच्या पत्नी मेरी यांनी आपल्या घरी ठेवून घेतले होते. त्या मुलींचे नाव वेगळे होते, रक्त वेगळे होते. आडनावांच्या कोणत्याही यादीत वा नकाशात त्या अ‍ॅटनबरो म्हणून सापडणार नाहीत. त्या घरच्या जेवणाच्या मेजावर मात्र त्यांची जागा होती. नाव म्हणजे कुटुंब नव्हे, याचा याहून सरळ दाखला शोधूनही मिळणार नाही.

हे विरळ नाव आज एका अनपेक्षित क्षेत्रात वाढते आहे. सर डेव्हिड यांच्या गौरवार्थ शास्त्रज्ञांनी चाळीसहून अधिक जीवजातींना त्यांचे नाव दिले आहे. त्यात न्यू गिनीतील मुंगीखाऊसारखा एकिडना आहे, फिलिपाइन्समधील कीटकभक्षी घटपर्णी आहे आणि लक्षावधी शतकांपूर्वी लुप्त झालेला एक सागरी सरीसृपही आहे. दक्षिण ध्रुवाकडे जाणाऱ्या ब्रिटिश संशोधन-जहाजावरही हेच नाव कोरलेले आहे.

तरीही आकडेवारीच्या दृष्टीने अ‍ॅटनबरो हे विरळ आडनावच राहणार. ट्रेंटकाठच्या एका गढीचे नाव गाव सोडणाऱ्या माणसाला चिकटले, साथीतून वाचले, कारकुनांच्या लेखणीतून तरले आणि हजारभर माणसांपर्यंत पोहोचले. त्याच सुमारास शेजारच्या गावांतून निघालेल्या आणखी कितीतरी माणसांना आपापल्या गावांची नावे मिळाली होती. त्यांतील बहुतेक नावे आज कोणीच लावत नाही. पण त्या माणसांच्या लेकी-सुनांचे वंशज आजच्या स्मिथ, टेलर आणि अ‍ॅटनबरो मंडळींतही असतील. आडनावांची शिरगणती करताना मोजले जाते ते नाव. माणसे त्याहून नेहमीच अधिक असतात.